न फुटलेल्या अंड्यांची वही

आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव कासवमित्र तयार झाले. मीही त्यांतलाच. पहाटे माग शोधायचा, अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखणीच्या कुंपणात, पुरायची, ५०-५५ दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडायची. किती सोडली तो आकडा वन खात्याला कळवायचा. किती मेली, ते आम्ही लिहीतच नव्हतो.

मग एका वर्षी मार्चनंतरची घरटी एकामागोमाग वाया गेली. शंभरेक अंड्यांतून मूठभर पिल्लं. कोणी म्हणे मादी म्हातारी, कोणी म्हणे वाळूच खराब. एका संशोधक ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, उरलेली अंडी पुरून टाकू नका. परवानगी घ्या, उघडा आणि पिल्लू कुठवर वाढलं होतं ते लिहा."

जिवावर आलं होतं. वासाने डोकं भणभणायचं. कवच चामड्यासारखं, नखाने फाडावं लागतं. एकात नुसतं पिवळं पाणी. दुसऱ्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके. तिसऱ्यात अख्खं कासव: पाठीवरच्या खवल्यांच्या रेघा उमटलेल्या, पोटाला बलकाची पिशवी. ते तळहातावर घेऊन मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

दोन हंगाम वही भरली. अंडी केव्हा उचलली, किती खोल पुरली, जीव कुठल्या टप्प्यावर गेला. उन्हं वर आल्यावर उचललेल्या घरट्यांत तो सुरुवातीलाच गेलेला दिसला. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडं फिरलं की तो मरतो. आणि आम्ही ती बादलीत भरून हॅचरीतल्या खड्ड्यात ओतत होतो! आता उशिरा सापडलेल्या प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतो, आणि खूण वर ठेवूनच पुरतो.

मार्चनंतरच्या घरट्यांतली मात्र पूर्ण वाढून मेलेली. ताईंनी दिलेलं तापमान नोंदवणारं यंत्र आत पुरलं, तर वाळू ३४ अंशांवर. पुढच्या हंगामात निम्म्या घरट्यांवर माडाच्या झापांची सावली केली, निम्मी उघडी ठेवली. वाडीतले काका भडकले, "सगळ्यांवरच घाल की! उघडी ठेवून मारायचीत काय?" रात्रभर झोप नाही लागली. पण सगळी झाकली असती, तर पिल्लं झापांमुळे वाचली की त्या वर्षी ऊनच कमी होतं, हे कधी कळलं नसतं. झापांखालून पिल्लं स्पष्ट जास्त निघाली. तेव्हापासून मार्चनंतरचं एकही घरटं उघडं ठेवत नाही. थंडीतली झाकत नाही; कासवांत ऊब जास्त तर माद्या, कमी तर नर, त्यामुळे उगीच गारवा वाढवणंही बरं नव्हे.

राहिलंय ते डिसेंबरातलं कोडं. रात्रीतच, जपून उचललेलं घरटं, वाळू थंड, तरी बऱ्याच अंड्यांत नुसतं पाणी. ती फळलीच नव्हती की पहिल्याच दिवसांत गेली, हे नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही. यंदा ती वेगळ्या बाटल्यांत भरून, घरटं क्रमांक घालून, ताईंच्या प्रयोगशाळेत पाठवायची आहेत. परवानगीचा अर्ज कालच दिलाय.