खानापूरच्या मुलांनी विचारलेला प्रश्न

आज कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी ऑनलाइन सुरक्षिततेविषयी बोललो. ओटीपी कोणाला सांगू नये, हे त्यांना तोंडपाठ होते, त्यामुळे तिथे फार रेंगाळलो नाही. मात्र खासगी फोटो पसरवण्याची धमकी देऊन कोणी पैसे मागितले तर काय करायचे, असे विचारताच वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारले, "सर, घरी कळलं तर मोबाईलच काढून घेतील ना?" धमकावणाऱ्याचे सारे बळ याच भीतीत असते, असे मला मनापासून वाटते.

पैसे दिले की मागणी थांबत नाही, उलट वाढते. म्हणून पैसे न देता, धमकीचे संदेश न पुसता, त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे, हे मी पुन्हा पुन्हा बजावले. मुलांसाठीची १०९८ आणि आर्थिक फसवणुकीसाठीची १९३० ही हेल्पलाइन फळ्यावर लिहिली. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख प्रसारमाध्यमांना उघड करता येत नाही, हे ऐकून अनेकांना धीर आला. पोलीस ठाण्यात कन्नडमधून बोलावे लागेल या संकोचाने कोणी मागे राहू नये, शिक्षकांना सोबत न्यावे, हेही सांगितले. आता पालकांची बैठक घ्यायची आहे, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडेच आहे.