स्प्रेने पळवलेली झुरळं: एका कॅम्पर व्हॅनचं काम

नवरात्रातली कोकण सहल संपवून एक कॅम्पर व्हॅन पुण्यात परतली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मालकांचा आम्हा कीडनियंत्रणवाल्यांना फोन आला. गाडी बुक करून गेलेल्या कुटुंबाला गुहागरच्या मुक्कामात मध्यरात्री लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीवर झुरळं फिरताना दिसली होती. आईवडिलांनी उरलेली रात्र दिवा लावून बसून काढली. गाडी ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली. मधे ओटा आणि शेगडी, शेजारी १२ व्होल्टचा फ्रीज, मागे आडवा पलंग, कोपऱ्यात छोटं न्हाणीघर. "दोनदा स्प्रे मारला, तरी वाढतातच आहेत. दिवाळीचं बुकिंग आहे, एका दिवसात संपवा," असं मालकांचं म्हणणं होतं.

फोनवरच त्यांना सांगितलं की आता काहीही फवारायचं नाही आणि गाडी पुसायचीही नाही. झुरळांची विष्ठा, कात, अंड्यांच्या रिकाम्या कुप्या या खुणा पुसल्या गेल्या तर त्यांचं घर शोधायला दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी १२ चिकट सापळे पाठवले. प्रत्येकावर क्रमांक आणि जागा लिहून दिली. सापळा नेहमी भिंतीला टेकवून, कोपऱ्यात ठेवायचा, कारण झुरळ कडेकडेने चालतं. मोकळ्या फरशीवर मधोमध ठेवलेला सापळा सकाळी रिकामा मिळतो आणि माणसाला वाटतं, झुरळं गेली.

सकाळी सातला यार्डात पोचलो तेव्हा ड्रायव्हरने सगळे सापळे ओळीने मांडून ठेवले होते. ओट्याखाली ६, फ्रीजच्या बाजूला ९, न्हाणीघरात २, वरच्या कपाटात ११, आणि मागच्या पलंगाखाली डाव्या कोपऱ्यात ३८. असा उलटा हिशेब मी क्वचितच पाहिलाय. बहुतेक गाड्यांत सर्वांत जास्त झुरळं फ्रीजपाशी मिळतात, कारण तिथे ऊब, ओल आणि अन्न तिन्ही एकत्र असतात. पलंगाखाली तर अन्नाचा कणही नव्हता.

आधी ओळख पटवली. सापळ्यातली झुरळं जेमतेम १२ ते १५ मिलिमीटरची, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा. म्हणजे जर्मन झुरळ. ही ओळख महत्त्वाची, कारण इलाज त्यावर ठरतो. गटारातून येणारं मोठं, तांबूस, साडेतीन-चार सेंटीमीटरचं झुरळ असतं तर सांडपाण्याच्या नळीकडे गेलो असतो. चालत्या गाडीत ब्रेक लागला की जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी हिंदकळून निघून जातं आणि टाकीतून वर यायला वाट मोकळी होते. तिथे जाळी आणि झडप बसवली की निम्मं काम होतं. जर्मन झुरळाला गाडीतच राहायचं असतं. त्याचं बिऱ्हाड सापडल्याशिवाय औषध ठेवून उपयोग नाही.

उघडाउघडी करण्याआधी बाहेरची वीज काढली, बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला गॅसचा कप्पा उघडला. तिथे जे दिसलं त्यामुळे झुरळांचं काम अर्धा तास बाजूला ठेवावं लागलं. कप्प्याच्या तळाला जे भोक असतं ते एम-सीलने गच्च बुजवलेलं होतं. आधी फवारणी करून गेलेल्या माणसाने 'इथून किडे येतात' म्हणून ते बंद केलं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर गॅस खाली साचतो आणि त्या भोकातून गाडीबाहेर जातो, म्हणून ते तळाला ठेवलेलं असतं. ते बंद केलं की साचलेला गॅस फटींतून आत, झोपलेल्या माणसांच्या पायाशी येतो. त्याच गाडीत ज्वालाग्राही वायूवर चालणारे स्प्रेचे डबे रिकामे केले गेले होते, तेही फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना. काही झालं नाही, हे नशीब. सील फोडून काढलं, भोकाला आतून ६ मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी लावली. बारीक डासजाळी इथे लावू नये, रस्त्यावरच्या चिखलाने ती महिनाभरात बुजते. साबणाचं पाणी लावून गॅसचे सगळे जोड तपासले, मगच आत गेलो.

चार स्क्रू काढून फ्रीज पुढे ओढला. मागच्या लाकडावर मिरपूड सांडल्यासारखी विष्ठा होती, पण बरीचशी जुनी आणि कोरडी. कुप्या होत्या, त्याही फुटून गेलेल्या. जिवंत झुरळं मोजकीच. घर इथेच होतं, पण सोडून दिलेलं. फ्रीजच्या मागून वायरींचा एक लवचीक पाइप निघून प्लायच्या अस्तरामागून थेट मागच्या पलंगाखाली जात होता. साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा, आत चारच वायरी, दोन्ही तोंडं उघडी. पूर्ण वाढलेलं जर्मन झुरळही दीड-दोन मिलिमीटरच्या फटीत शिरतं. त्याच्यासाठी हा पाइप म्हणजे हमरस्ता.

पलंगाखालचा फळा उचलला. तिथे इन्व्हर्टर होता. यार्डात उभी असताना गाडी कायम बाहेरच्या विजेला जोडलेली असते, बॅटरी चार्ज होत राहते, त्यामुळे इन्व्हर्टर चोवीस तास कोमट. वर गादी, सदैव अंधार. आणि वातानुकूलन यंत्राची पाण्याची नळी तिथूनच जाते, तिचा जोड थेंब थेंब गळत होता. जर्मन झुरळ अन्नावाचून महिनाभर तग धरू शकतं, पण पाणीही मिळालं नाही तर साधारण दोन आठवड्यांत मरतं. इथे पाणी अंथरुणाशी मिळत होतं, आणि खाणं रात्री पाइपातून ओट्यापर्यंत जाऊन.

आता उलट्या हिशेबाचा उलगडा झाला. बाजारात मिळणाऱ्या डब्यांत बहुधा सायपरमेथ्रिन किंवा तशाच पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. अंगावर थेट पडलं तर झुरळ मरतं, पण फटीत आत बसलेल्यांना त्याचा वास आणि स्पर्श सहन होत नाही आणि ती दूर पळतात. ओट्यावर आणि फ्रीजमागे दोनदा फवारल्यावर वाचलेल्यांनी पाइपाची वाट धरली आणि बिऱ्हाड मुलाच्या पलंगाखाली हलवलं. घरात असं झालं तर झुरळं शेजारच्या खोलीत जातात. पाच मीटरच्या गाडीत शेजारची खोली म्हणजे अंथरूण.

ड्रायव्हरने मधेच विचारलं, "दादा, धान्यातली गोळी ठेवून गाडी बंद केली तर? गॅरेजवाला देतो म्हणाला." मी हातातलं काम थांबवून त्यांना समोर बसवलं आणि आकडे सांगितले. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची एक गोळी १ ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. गाडीची आतली जागा साधारण १५ घनमीटर. म्हणजे एका गोळीने हवेच्या दशलक्ष भागांत ४८ भाग फॉस्फीन होतो. ५० भागांना जिवाला तात्काळ धोका मानतात. गादीत, कपाटात अडकलेला वायू दार उघडल्यावरही रेंगाळतो, आणि गोळीची भुकटी ओल लागली की नंतरही वायू सोडत राहते. या गोळ्या सरकारमान्य धुरीकरण तज्ज्ञांशिवाय कोणी वापरायच्याच नसतात. राहत्या घरात त्या ठेवल्याने मुलं दगावल्याच्या बातम्या येतात. गाडीत माणसं झोपतात, हे त्या गॅरेजवाल्याला माहीत होतं. ड्रायव्हरने तिथेच फोन लावून त्याला नको म्हणून सांगितलं.

काम सुरू केलं ते व्हॅक्यूमने. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा व्हॅक्यूम घेतला, कारण झुरळांची कात आणि विष्ठा यांच्या धुळीने दमा उसळतो आणि साधा व्हॅक्यूम ती धूळ गाडीभर उडवतो. टोकाला चपटी नळी लावून फळ्यांचे सांधे, ड्रॉवरच्या पट्ट्या, फ्रीजची मागची जाळी, पलंगाची चौकट असं सगळं ओढून घेतलं. गोळा झालेली पिशवी लगेच घट्ट बांधून साबणाच्या पाण्यात बुडवली, नाहीतर तीच झुरळं परत बाहेर येतात. निम्म्याहून जास्त झुरळं या एका टप्प्यात, औषधाचा थेंबही न वापरता गेली.

इन्व्हर्टरचं झाकण आम्ही स्वतः उघडत नाही. वीज तोडली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. यार्डातल्या इलेक्ट्रिशियनने तो सोडवून बाहेर आणला आणि साबणपाण्याच्या परातीवर धरून ब्लोअरने साफ केला. पंख्यामागून लहानमोठी मिळून मुठभर झुरळं पडली, त्यांत पोटाखाली कुपी धरलेल्या माद्याही होत्या. एका रिलेच्या (आतल्या विजेच्या स्विचच्या) पायांवर करपलेली दोन झुरळं चिकटलेली होती. सहलीत इन्व्हर्टर दोनदा आपोआप बंद पडला होता, त्याचं कारण हे असावं.

मग जेल, म्हणजे झुरळं खातात ते औषध घातलेलं आमिष. फिप्रोनिल ०.०५ टक्केचं घेतलं. जिथे ठिपका ठेवायचा ती जागा आधी साबणपाण्याने पुसून कोरडी केली, कारण जुन्या स्प्रेचा थर राहिला तर झुरळ जेलला तोंडच लावत नाही. मसुराएवढा एक ठिपका, अंदाजे ०.१ ग्रॅम. गाडीभर ७० ठिपके, म्हणजे सगळं मिळून ७ ग्रॅम. बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात, बेसिनच्या ओठाखाली, पाइपाच्या दोन्ही तोंडांशी. मोठा गोळा एका जागी ठेवण्यापेक्षा पुष्कळ छोटे ठिपके जवळजवळ ठेवलेले चांगले. पिल्लं घरापासून फार लांब जात नाहीत, त्यांच्या वाटेतच जेल आलं पाहिजे. इन्व्हर्टरवर जेल लावलं नाही. कार्डाच्या तुकड्यांवर ठिपके घेऊन ते कप्प्याच्या कोपऱ्यात चिकटवले.

गाडीत जेलच्या दोन अडचणी घरापेक्षा वेगळ्या असतात. घाटात धक्के बसले की उभ्या सपाट फळीवरचा ठिपका गळून पडतो आणि फरशीवर, मुलांच्या हाताशी येतो. म्हणून तो कायम खाचेत किंवा सांध्यात. दुसरी अडचण उन्हाची. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, जेल दोन-तीन दिवसांत कडक होतं आणि कडक जेल झुरळ खात नाही. मालकांना गाडी शेडमध्ये हलवायला लावली. 'उन्हात बंद ठेवली की किडे आपोआप मरतील' हा समज बरेच जण धरून असतात. थर्माकोल किंवा फोमचं अस्तर असलेल्या गाडीत हवा तापते, पण पाण्याच्या टाकीजवळचा तळ थंड राहतो आणि झुरळं तिथे उतरतात.

बोरिक पावडर टाकावी का, असंही मालकांनी विचारलं. बंद पोकळीत पातळ थर उत्तम काम करतो. पण या गाडीत पलंगाखालच्या पोकळीतूनच एसीचा वारा फिरतो. ती भुकटी झोपणाऱ्यांच्या नाकात गेली असती, म्हणून नको म्हटलं.

दिवाळीच्या बुकिंगवर मात्र मालकांशी तासभर बोलावं लागलं. जेलला वास नाही, ते हवेत उडत नाही, त्या अर्थाने गाडी त्याच दिवशी वापरता आली असती. पण उघड्या बॅगा पलंगाखालीच ठेवतात. अशी एक कुपीवाली मादी बॅगेतून कुणाच्या घरी गेली तर त्या एका कुपीतून ३० ते ४० पिल्लं निघतात. आणि कुपीतल्या पिल्लांवर कोणतंही जेल चालत नाही. मादी ती कुपी फुटायच्या बेतापर्यंत अंगाला धरून हिंडते, आपल्या हवेत तीन-चार आठवडे. एका दिवसात संपवा म्हणणाऱ्याला हे गणित सांगावंच लागतं. शेवटी त्यांनी ती दोन बुकिंग दुसऱ्या गाडीवर वळवली. पैशांचं नुकसान झालं, पण त्यांनी ऐकलं याचं मला फार बरं वाटलं.

चौदाव्या दिवशी सापळे पुन्हा मोजले. पलंगाखाली ५, ओट्याखाली १, बाकी शून्य. पाचही पिल्लं होती, म्हणजे राहिलेल्या कुप्या फुटल्या होत्या. वाळलेले ठिपके खरवडून काढले आणि आता इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्केचं जेल ठेवलं. एकच आमिष वारंवार दिलं की त्यातून वाचलेली झुरळं त्याच्यापासून लांब राहायला लागतात. साखरेच्या आमिषातलं ग्लुकोजच टाळणारी जर्मन झुरळं अमेरिकेत १९९० च्या दशकापासून माहीत आहेत. एसीच्या नळीचा जोड बदलून घेतला.

फटी बुजवायचं काम मुद्दाम शेवटी, पस्तिसाव्या दिवशी, सापळे दुसऱ्यांदा शून्य आल्यावर केलं. आधी बुजवलं असतं तर आत अडकलेली झुरळं जेलपर्यंत पोचलीच नसती आणि दुसरी वाट काढून बाहेर पडली असती. पाइपाच्या दोन्ही तोंडांना स्टीलची लोकर खुपसून वरून सिलिकॉन, बेसिनच्या नळ्यांभोवती सिलिकॉन, फ्रीजच्या बाहेरच्या झरोक्याला सुटी करून धुता येईल अशी जाळी. गॅसच्या कप्प्याचं भोक उघडं आहे ना, हे मालकांना स्वतः हात लावून पाहायला सांगितलं आणि बाहेरून लाल रंगाने 'बुजवू नये' असं लिहून घेतलं.

गाडीत ही झुरळं आली कुठून, ते ड्रायव्हरशी बोलताना कळलं. सहलीचा किराणा दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यांत यायचा आणि ती खोकी तशीच ओट्याखाली ठेवली जायची. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत कुप्या आणि पिल्लं आरामात प्रवास करतात. आता किराणा यार्डाबाहेरच खोक्यातून काढून झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत भरतात, कांदे-बटाटे जाळीच्या टोपलीत. दोन सापळे, एक फ्रीजमागे आणि एक पलंगाखाली, गाडीत कायमचे आहेत. प्रत्येक सहलीनंतर ड्रायव्हर त्यांचा फोटो पाठवतात.