आमची वाटचाल: घरच्या शिक्क्यापासून मान्यताप्राप्त प्रमाणपत्रापर्यंत

सुरुवातीची काही वर्षं पाच दिवसांचं शिडाच्या बोटीचं प्रशिक्षण संपलं की विद्यार्थ्याला आमचंच प्रमाणपत्र मिळायचं. नाव, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. शिकवण्यात कसूर नव्हती, पण तो कागद परक्या बंदरात चालत नसे. आणि का चालावा? आम्ही कोण, किती वाऱ्यात बोट बाहेर काढली, विद्यार्थ्याने सुकाणू स्वतः किती वेळ धरलं, यातलं समोरच्या बोटमालकाला काहीच ठाऊक नसतं. दहा-बारा मीटरची बोट अनोळखी माणसाच्या ताब्यात द्यायची, तर त्याला कुणातरी तिऱ्हाइताचा शब्द हवा असतो. मान्यताप्राप्त प्रमाणपत्र म्हणजे तो तिऱ्हाइताचा शब्द. एवढं उमगल्यावर आम्ही आमचा कागद बंद केला आणि रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या अभ्यासक्रमाकडे वळलो. ही ब्रिटिश संस्था १८७५ साली स्थापन झाली. अमेरिकन सेलिंग असोसिएशनची १०१, १०३, १०४ अशी क्रमांकांची वेगळी शिडी आहे, तीही बोट भाड्याने देणाऱ्यांच्या ओळखीची आहे. पुढचं सगळं मात्र आम्ही शिकवतो त्या पद्धतीबद्दल आहे.

मान्यतेसाठी शिकवण्याची घडीच बदलावी लागली. समुद्रात जाणाऱ्या यॉटवर एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त पाच विद्यार्थी, त्याहून एकही जास्त नाही. दरवर्षी तपासणी. लाइफजॅकेटच्या सिलिंडरपासून प्रशिक्षकांच्या कागदपत्रांपर्यंत सगळं बघितलं जातं. हा खर्च आणि ही शिस्त आम्हाला आज अजिबात जाचक वाटत नाही. विद्यार्थी ज्याच्यासाठी पैसे मोजतो, ते बऱ्याच अंशी हेच आहे.

पायऱ्या अशा. पहिली ‘कॉम्पिटंट क्रू’. पाच दिवस, आधीचा अनुभव लागत नाही. शिडं चढवणं-उतरवणं, रीफ घेणं (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करणं), गाठी, विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) दोर गुंडाळताना बोटं वाचवणं, रात्रीचा पहारा, हे सगळं त्यात येतं. दुसरी ‘डे स्किपर’. तिला बसण्याआधी बोटीवरचे ५ दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास गाठीशी असावे लागतात. सागरी नकाशा, भरती-ओहोटी आणि समुद्रावरचे वाहतूक-नियम यांचं ज्ञानही आधीच हवं. पुढे ‘कोस्टल स्किपर’ आणि त्यानंतर ‘यॉटमास्टर’च्या परीक्षा. पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रशिक्षकच पाच दिवस बघून प्रमाणपत्र देतो. यॉटमास्टरला मात्र बाहेरचा परीक्षक बोटीवर येतो, आणि ज्याने शिकवलं त्याचा निकालात हात नसतो. या प्रमाणपत्राला जगभर वजन आहे ते त्यामुळेच.

आमच्याकडे सर्वांत जास्त अडखळतात ते डे स्किपरचे विद्यार्थी. बहुतेकांनी पुस्तकी भाग वर्ष-दीड वर्षापूर्वी केलेला असतो आणि बोटीवर येईपर्यंत तो पुसट झालेला असतो. म्हणून दोन्हींमध्ये तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, असं आम्ही नाव नोंदवतानाच सांगतो. चुका ठरलेल्या आहेत. भरतीच्या तक्त्यातल्या वेळा प्रमाणवेळेत असतात. उन्हाळी वेळ लागू असेल तर त्यात एक तास मिळवावा लागतो, आणि तो विसरला की पुढचं अचूक गणितही वाया जातं.

बाराव्या भागाचा नियम सगळ्यांना पाठ असतो. ओहोटी संपल्यापासूनच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ इतके बारावे भाग चढतं. वापरताना गोंधळ होतो तो कशात काय मिळवायचं याचा. समजा ओहोटीची उंची ०.६ मीटर आणि भरती-ओहोटीतला फरक ४.८ मीटर आहे. बारावा भाग झाला ०.४. पहिल्या तासात ०.४, दुसऱ्यात ०.८, तिसऱ्यात १.२ मीटर चढ. म्हणजे दोन तासांनी पाण्याची उंची १.८ आणि तीन तासांनी ३.० मीटर. आता खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, नकाशाच्या शून्यपातळीपेक्षा (सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी, पाण्याच्या उंच्या तिथूनच मोजतात) ०.३ मीटर उंच. बोटीचा पाण्याखालचा भाग १.८ मीटर खोल आणि कीलखाली (बोटीच्या तळाच्या पात्याखाली) ०.५ मीटर पाणी राखायचं आहे. ०.३, १.८ आणि ०.५ मिळून २.६ मीटर उंची लागणार, म्हणजे साधारण २ तास ४० मिनिटांनी आत शिरता येईल. नकाशावर आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा उघडी पडते. ती रेघ नजरेतून निसटली की ०.३ हा आकडा खोली समजून वजा केला जातो आणि उत्तर ०.६ मीटरने चुकतं. हा फरक कीलखाली राखलेल्या पाण्यापेक्षा मोठा आहे, म्हणजे बोट दांड्यावर बसणार. उधाणाला आणि भांगाला (सर्वांत कमी चढउताराच्या भरतीला) हा नियम एकसारखाच लावू नये. ज्या बंदराचा भरतीचा आलेख वाकडातिकडा आहे तिथे तर तो वापरूच नये, तिथे त्या बंदराचा आलेखच उघडावा.

दुसरी हमखास चूक प्रवाहाच्या त्रिकोणात. एका तासाचा प्रवाह काढला की त्याचं टोक थेट मुक्कामाच्या ठिकाणाला जोडायचा मोह होतो. करायचं असं: निघण्याच्या जागेपासून मुक्कामापर्यंत जमिनीवरची रेघ आखायची, निघण्याच्या जागेपासूनच तासाभराचा प्रवाह काढायचा, मग कंपासमध्ये बोटीचा तासाभराचा वेग घेऊन प्रवाहाच्या टोकापासून त्या रेघेवर कंस मारायचा. प्रवाहाचं टोक आणि कंसाचा छेद यांना जोडणारी दिशा धरून बोट हाकायची. त्यानंतर वाऱ्याने होणारी घसरण आणि चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन. फरक पश्चिमेचा असेल तर खऱ्या दिशेत मिळवायचा: खरी दिशा ०८५ आणि फरक ३ अंश पश्चिम असेल तर चुंबकीय दिशा ०८८.

पण परीक्षकाचं लक्ष सर्वांत जास्त असतं ते माणूस पाण्यात पडल्यावर काय केलं जातं त्याकडे, आणि आमचाही सर्वाधिक वेळ त्यावरच जातो. ओरडून सांगायचं, एकाने हात त्याच्या दिशेला धरून नजर हलवू द्यायची नाही, बोट लगेच थांबवायची. इंजिन सुरू करण्याआधी चारी बाजूंना पाण्यात दोर लोंबतोय का ते बघायचं. बोट झटक्यात वळवताना जिबचे (पुढच्या शिडाचे) शीट, म्हणजे शीड आवळायचे दोर, फडफडून बाहेर पडतात. तो दोर पंख्यात गेला की इंजिन बंद पडतं, आणि अगदी हवं त्याच क्षणी बंद पडतं. शिडावर परत येताना क्लोज रीचवर (वाऱ्याकडे थोडं तोंड करून, तिरकं) यायचं. त्या कोनात मेनसेल (मुख्य शीड) सोडलं की वारा निघून जातो आणि बोट थांबते, ओढलं की पुन्हा चालते. वाऱ्याच्या जास्त बाजूने आलात तर बूम (शिडाखालचा आडवा वासा) सोडूनही बाजूच्या तारांना टेकतो, शीड वारा धरतं आणि बोट त्या माणसाशेजारून निघून जाते. तपासायची युक्ती सोपी आहे: नाळ (बोटीचं पुढचं टोक) त्या माणसाकडे रोखा आणि मेनसेलचा शीट पूर्ण सोडा. शीड नुसतं फडफडलं तर कोन बरोबर. वारा धरलाच, तर थोडं वाऱ्याबरोबर खाली सरका, नाळ पुन्हा रोखा आणि पुन्हा तपासा. विद्यार्थी घाईत हेच टाळतात. दुसरं, शेवटच्या दोन बोटलांब्यांत वेग कमी करायला उशीर होतो. माणसाला हात लागेपर्यंत बोट जवळजवळ उभी राहायला हवी. थंड पाण्यात पहिल्या काही मिनिटांतच हातांतली पकड जाते, त्यामुळे त्याने दोर धरून वर चढावं ही अपेक्षा ठेवायची नाही. उचलण्यासाठी हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणि विंच आधीच तयार ठेवायचं.

धक्क्याला लावताना इंजिन मागे घेतल्यावर पिछाडी कुठल्या बाजूला सरकते ते बोट बांधलेली असतानाच पाहून ठेवायचं. मागच्या गियरमध्ये ज्या बाजूने पाण्याचा फेस दिसतो, त्याच्या उलट बाजूला पिछाडी ओढली जाते. एवढं पाहिलं की धक्क्याची बाजू कशी निवडायची ते आपोआप कळतं.

व्हीएचएफ रेडिओचं (बोटीवरच्या बिनतारी संचाचं) प्रमाणपत्र स्वतंत्र आहे. क्रोएशियात बोट भाड्याने घेताना ते स्किपरच्या परवान्याबरोबरच मागतात. संकटात लाल बटण दाबून धरल्यावर चॅनल ७० वरून आपोआप संदेश जातो. त्यानंतर चॅनल १६ वर, पूर्ण शक्तीवर, तोंडाने सांगायचं: ‘मेडे’ (संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव, ठिकाण, संकट काय, कसली मदत हवी, किती माणसं. घाबरलेला माणूस आधी काय घडलं ते सांगत बसतो. बॅटरी मध्येच गेली तर शोधणाऱ्यांकडे किमान ठिकाण तरी हवं, म्हणून ते आधी.

आता कागदाचा उपयोग. युरोपात बऱ्याच ठिकाणी आंतरराष्ट्रीय क्षमता प्रमाणपत्र मागतात. ते संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४० व्या ठरावावर आधारलेलं आहे आणि डे स्किपरच्या व्यावहारिक प्रमाणपत्रावरून काढता येतं. ब्रिटनमध्ये काढलेलं पाच वर्षं चालतं. नद्या-कालव्यांत जायचं असेल तर त्यासाठी वेगळी चाचणी आहे. ग्रीसमध्ये स्किपरबरोबर अनुभव असलेला दुसरा माणूसही दाखवावा लागतो, म्हणून जोडीने येणाऱ्यांपैकी दुसऱ्याने निदान कॉम्पिटंट क्रू करावं असं आम्ही सुचवतो. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्याआधी बोटमालकाकडून लेखी उत्तर घ्यावं.

पोटापाण्यासाठी या क्षेत्रात यायचं असेल तर यॉटमास्टर ऑफशोअर. ५० दिवस, २,५०० मैल, ६० मैलांहून लांब असे ५ प्रवास, त्यांतले किमान दोन स्वतः स्किपर म्हणून आणि दोन रात्रभराचे, शिवाय स्किपर म्हणून ५ दिवस. निम्मे मैल भरती-ओहोटीच्या पाण्यातले हवेत. त्यावर वैद्यकीय तपासणी, सागरी बचावाचं प्रशिक्षण आणि व्यावसायिक जबाबदाऱ्यांचा अभ्यासक्रम झाला की पगारी काम करता येतं. परीक्षेत धुक्याची कसोटी असते. उमेदवार खाली नकाशाच्या टेबलाशी बसतो, बाहेर बघायचं नाही, फक्त खोलीमापक, वेग आणि होकायंत्र. अशा वेळी थेट बॉयाच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या) दिशेने निघणारे चुकतात. मुद्दाम एका बाजूला जाऊन खोलीची रेषा (नकाशावर सारख्या खोलीच्या जागा जोडणारी) गाठायची आणि मग तिच्या कडेने सरकायचं. कारण बॉया चुकला तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे हे कळत नाही, खोलीच्या रेषेवर मात्र ते आधीच ठरलेलं असतं.

हे मैल परीक्षेच्या तारखेआधीच्या दहा वर्षांतले लागतात, आणि आठवणीतून भरलेली नोंदवही परीक्षकाच्या दोन प्रश्नांत उघडी पडते. म्हणून आमच्या बोटीवर शेवटच्या दिवशी दोर बांधले, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या उशा) लागले, की कुणीही बॅग उचलण्याआधी नोंदवह्या टेबलावर येतात. तारीख, बोटीचं नाव आणि लांबी, कुठून कुठे, मैल, रात्रीचे तास, जास्तीत जास्त वारा, आपली भूमिका खलाशाची की स्किपरची. खाली त्या प्रवासाच्या स्किपरची सही, त्याच दिवसाच्या तारखेची.