सुटलेले किती जण परत आत जातात?

जेलरोडला राहते आणि नाशिकरोड कारागृहातून सुटून आलेल्यांना काम मिळावं म्हणून खटपट करते. त्यामुळे लग्नात, रिक्षात, कुठेही एकच प्रश्न येतो: "ताई, सुटलेले परत तेच करतात ना? किती टक्के?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

टक्का ऐकण्याआधी काय मोजलंय ते बघा. अमेरिकेत २००५ साली ३० राज्यांतल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा माग ठेवला गेला. तीन वर्षांत ६८ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली, नऊ वर्षांत ८३ टक्के. नॉर्वेचा २० टक्के हा आकडा सगळे सांगतात, पण तो दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेल्यांचा. अटक वेगळी, शिक्षा वेगळी, मुदतही वेगळी. हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

आपल्याकडे मोजणी आत येणाऱ्यांची होते: वर्षभरात दाखल झालेल्या पक्क्या कैद्यांपैकी पूर्वी शिक्षा झालेले किती. सुटलेल्या शंभरांचं पुढे काय झालं, ते त्यातून कळत नाही. शिवाय आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी. त्यांचा गुन्हाच अजून शाबीत व्हायचाय, मग 'पुन्हा' कुठून मोजणार?

पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. गणपती जवळ आले की रेकॉर्डवरचा म्हणून त्याला ठाण्यातून बोलावणं येतं. एका वर्षी विसर्जनापुरतं आत ठेवलं, हंगाम ऐन भरात होता, आडत्याने दुसरा हमाल लावला. त्याने काहीही केलं नव्हतं. अमेरिकेच्या मोजमापाने मात्र तो 'परत गेला'.

तडीपाराचं तर आणखी अवघड. हद्दीत पाऊल टाकलं की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १४२ खाली नवा गुन्हा, मग तो सुरा घेऊन आलेला असो की आजारी आईला बघायला.

म्हणून मला टक्का सांगता येत नाही, पण तो कसा काढावा ते ठामपणे सांगते. एका वर्षात सुटलेल्या पक्क्या कैद्यांची यादी घ्या. पाच वर्षं प्रत्येकाचा माग ठेवा, वारलेले आणि राज्याबाहेर गेलेले धरून. अटक, दोषारोपपत्र, शिक्षा असे तीन रकाने करा. तडीपारी मोडल्याचे गुन्हे चौथ्या रकान्यात टाका. आणि पाचव्यात, सुटल्यावर पहिलं काम किती दिवसांनी मिळालं ते लिहा.