कागदाचं भुताचं घर

न्यू जर्सीत आज दिवसभर पाऊस. लेकीला घेऊन हॅलोविनचा देखावा करायला बसले. बुटांच्या खोक्यात काळ्या कार्डशीटचं भुताचं घर!

जाड कागद दुमडण्याआधी घडीच्या रेषेवर पट्टी धरायची आणि शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं. नाहीतर कागद घडीवर तडकतो, भिंती वाकड्या होतात. हे तिला दाखवलं, मग सगळ्या घड्या तिनेच घातल्या, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. खिडक्या मी कटरने कापल्या, आतून नारिंगी बटर पेपर तिने चिकटवला. आकाशकंदील करताना आई मला हेच काम द्यायची. मागे चंद्र, मध्ये घर, पुढे कुंपण आणि निष्पर्ण झाडं. प्रत्येक थरात दोन बोटं अंतर सोडलं, तेव्हा कुठे देखाव्याला खोली आली. आत बॅटरीचा दिवा. सगळा कागदच, खरी ज्योत नकोच.

"हॅलोविनला दिव्यासाठी भोपळाच का कोरतात?" तिने विचारलं. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून दिवे करायचे, तिकडचे लोक अमेरिकेत आले आणि त्यांना इथला मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला, असं सांगितलं. तिने लगेच दारात एक छोटं सलगमही ठेवलं. मला हे फार आवडलं.

भूत एकटं राहील म्हणून तिने त्याला बहीणही करून दिली आहे. आता वटवाघळं टांगायची राहिलीत. जवळपास कोणाकडे बारीक काळा दोरा असेल तर कळवा ना!