पाना हातात घेण्याआधी

जुनी गाडी घरी येऊन उभी राहिली की हात शिवशिवायला लागतात. नट दिसला की तो सैल करून बघावासा वाटतो. माझं मत विचाराल, तर पाने कुलपात ठेवायची हीच वेळ. गंजापेक्षा उत्साहानंच जास्त जुन्या गाड्या संपवल्या असाव्यात. इंजिन भराभरा सुटं करायचं, बोल्ट मिळेल त्या डब्यात टाकायचे आणि मग ‘पुढच्या सुट्टीत बघू’.

शिवाय उघडलेल्या गाडीला उभ्या गाडीच्या दुप्पट तरी जागा लागते. मडगार्ड, सीट, दारं कुठं ठेवायची हे आधी ठरवलं नाही तर ती पलंगाखाली जातात आणि घरातल्यांचं या छंदाबद्दलचं मत कायमचं ठरून जातं.

म्हणून आधी वही, कॅमेरा आणि एक चुंबक. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळायचं, म्हणजे रंगावर ओरखडे येत नाहीत, आणि पत्र्यावरून सावकाश सरकवायचं. ते छान धरून धरून जातं आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी अचानक हातातून सुटतं. तिथं पत्रा नाहीच, लांबी (म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी) आहे. आधीच्या कुणीतरी भोक बुजवून वर रंग मारलेला. (बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर चुंबक बिचारं काय करणार!) ‘नुसता रंग काढायचाय’ म्हणणाऱ्यांच्या वहीची पानं इथून भरायला लागतात.

पत्र्याच्या कामात क्रम चुकवून चालत नाही. वेगळी चॅसी (बॉडीखालचा सांगाडा) नसलेल्या गाडीत दाराखालचा गंजका पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा दांडा वेल्ड करून घ्यावा लागतो. नाहीतर बॉडी किंचित वाकते, नवा पत्रा झकास बसतो आणि दार लागत नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचा नाही. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पाना लावून हातानंच, जबरदस्ती न करता फिरवून बघायचं. ते चालू झाल्याचा आनंद मोठा खरा, पण वहीतल्या कामांच्या यादीत ब्रेक त्याच्या वर हवेत. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगलेला असतो. मग दाबलेला ब्रेक सुटतच नाही.

वायरिंगचं थोडक्यात. कापडी वेष्टनाच्या वायरा बदलायच्या, बॅटरी ६ व्होल्टची की १२ची ते बघायचं, आणि अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर, बॅटरीच्या कुठल्या टोकाला आहे तेही. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत ती पॉझिटिव्हला असते. त्याच गाड्यांचे नट बऱ्याचदा व्हिटवर्थच्या मापाचे, म्हणजे १८४१ सालच्या ब्रिटिश इंची पद्धतीतले. मिलिमीटरचा पाना त्यांवर ‘जवळपास’ बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

काय करायचं नाही, त्याचीही एक यादी लागते, आणि मला तीच जास्त आवडते. स्टीअरिंगवर जिथं कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं टेकला, तिथला काळा थर झिजलाय. तो भरून गुळगुळीत करता येईल, पण त्यापुढे मी ‘राहू दे’ लिहिलंय. सीटच्या चामड्यावरच्या सुरकुत्यांपुढेही तेच. डॅशबोर्डवरचं बंद घड्याळ मात्र चालू करायचंच, त्यावर चर्चा नाही.