‘लेस्टरला येऊ नका’

इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन मला सहा वर्षं झाली. चिवड्याचे पातळ पोहे, पुरणाची डाळ, वाल, सगळं बेलग्रेव्ह रोडवर मिळतं. दिवाळीत तर हा रस्ता दिव्यांनी असा फुलतो की घरची आठवण येऊन घसा दाटतो. तो ज्यांनी उभा केला, त्यांनी इथे पाऊलही ठेवू नये असं एकेकाळी याच शहराचं म्हणणं होतं.

ऑगस्ट 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यातले 27-28 हजार ब्रिटनला आले, बरेचसे गुजराती. सोबत नेता यायचे जेमतेम 50 पौंड. लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली: इथे घरं नाहीत, शाळा भरल्यात, येऊ नका. तरी हजारोंनी आलेच.

मी जिथे फरसाण घेते तिथले काका तेव्हा चौदा वर्षांचे होते. युगांडातल्या जिंजा शहरात वडिलांचं कापडाचं दुकान होतं. इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात वडील होजियरीच्या गिरणीत रात्रपाळीला उभे राहिले. आई घरी ओव्हरलॉक मशीनवर नगावर शिवायची. काका सांगतात, शाळेतून आलं की आधी कपड्यांचे सुटे दोरे कापायचे, मग गृहपाठ. पुढे रस्त्यावरचा एक बंद पडलेला गाळा घ्यायचं ठरलं. बँकेने कर्ज नाकारलं, तेव्हा ज्ञातीतल्या चार घरांनी हातउसने पैसे दिले. आज तिथे अकरा माणसं पगारावर आहेत.

पण ‘कष्टाळू माणसं, चुपचाप राबली’ एवढंच म्हणून थांबणं मला पटत नाही. 1974 मध्ये इथल्या इम्पीरियल टाइपरायटर्सच्या शेकडो आशियाई कामगारांनी बोनस आणि भेदभावावरून तीन महिने संप केला. कामाचं मोल त्यांना भांडून मागावं लागलं. तिकडे युगांडात ताब्यात घेतलेली दुकानं, कारखाने डबघाईला आले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी याच लोकांना परत बोलावलं.

यांच्याकडे एक गोष्ट होती, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, त्यामुळे उतरल्या दिवसापासून काम करायची मुभा होती. आज आश्रय मागणाऱ्याला ती नाही. अर्जावर वर्षभर निर्णय झाला नाही तरच परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती.

मागच्या शनिवारी एक सुदानी मुलगा दुकानात काम विचारायला आला होता. चोवीस-पंचवीसचा असेल. खार्टूममध्ये बेकरीत होता म्हणाला. काकांना भट्टीवर माणूस हवाच आहे, दारावर पाटी लावलेली आहे. त्यांनी कागद विचारले, त्याने नकारार्थी मान हलवली. काकांनी गाठियाचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं, पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर माझी डाळ तोलता तोलता म्हणाले, “बेन, मारा बापाला तिसऱ्या आठवड्यात काम मळ्युं हतुं.”